ओपनिंग म्हणजे भाषण नव्हे

मॉक ट्रायलसाठी संघ निवडताना ओपनिंग कुणी करायचं हे आपल्याकडे लगेच ठरतं. ज्याच्या घरी वक्तृत्वाच्या ढाली जास्त, त्याने! मला हे पटत नाही. घडलेली गोष्ट ज्याला सरळ सांगता येते, त्याला हे काम द्यावं.

वक्तृत्वात आपण सुविचाराने सुरुवात करतो, आवाज चढवतो, टाळ्या घेतो. खटल्याची सुरुवात अशी नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चं कलम २४९ वाचा. सत्र न्यायालयात सरकारी वकिलाने सुरुवातीला दोनच गोष्टी सांगायच्या: आरोप काय, आणि तो कोणत्या पुराव्याने सिद्ध करणार. युक्तिवादाची वेळ साक्षी-पुरावे झाल्यावर येते.

समजा, खटला दुकानफोडीचा आहे. ‘आज समाजात चोऱ्या वाढत चालल्या आहेत’ असं सुरू केलंत, तर मोजक्या मिनिटांतलं अर्धं मिनिट गेलंच. त्यापेक्षा सांगा: ‘दुकान रात्री साडेनऊला बंद झालं. सकाळी सातला कुलूप तुटलेलं होतं, गल्ल्यातले अठरा हजार गेले होते. मधल्या वेळात आरोपीला तिथून बाहेर पडताना पाहणारी शेजारीण साक्ष देईल.’ एवढ्यात न्यायाधीशांपुढे चित्र उभं राहतं.

पण जे सांगाल ते सिद्ध करावं लागतं. शेजारणीच्या जबाबात ‘चेहरा अर्धवट दिसला’ असं असेल, तर ‘तिने स्पष्ट ओळखलं’ म्हणू नका. उलटतपासणीत ते उघडं पडतं, आणि शेवटच्या युक्तिवादात समोरचा संघ तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवतो. कच्चा दुवा आपणच आधी सांगून टाकलेला बरा. बचाव पक्षाचं काम तर याहून साधं. उजेड किती होता, अंतर किती होतं, हे दोन प्रश्न न्यायाधीशांच्या मनात ठेवले तरी पुष्कळ झालं.

आता माझा खरा मुद्दा. स्पर्धा इंग्रजीत असते म्हणून मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं-मुली नावच देत नाहीत. त्यांना वाटतं, भारी इंग्रजी लागतं. अहो, ओपनिंगला तर छोटी वाक्यं लागतात! आधी सगळी केस घरी आजीला मराठीत सांगा. ती मध्येच विचारेल, ‘अरे, पण तो तिथं कशाला गेला होता?’ तिथेच तुमच्या मांडणीत भोक आहे असं समजा. ते बुजवा, मग इंग्रजीत लिहा. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करा, बाकीचे नुसते मुद्दे लक्षात ठेवा. कागदात बघून वाचू नका.

तेव्हा पुढच्या निवडीला नाव द्या. ‘मला भाषण येत नाही’ हे कारण इथे चालायचं नाही.