आमचा तंबू आणि आमची कोपी

दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच मित्र एकाच्या मामाची जीप घेऊन बजाजनगरहून गौताळ्याच्या बाजूला मुक्कामाला गेलो होतो. 'तू मराठीचा विद्यार्थी, अंकासाठी प्रवासवर्णन तूच लिही,' असे मित्रांनी मला सांगितले. प्रवास थोडक्यात सांगतो. मला लिहायचे आहे ते दुसरेच.

या बेताचे मूळ ऑस्ट्रेलियात आहे! तिथले लोक मोठ्या गाड्या घेऊन वाळवंटात आठवडेच्या आठवडे हिंडतात, रात्री तंबू ठोकतात, त्यांच्या फिल्मा आमचा एक मित्र रोज मोबाईलवर पाहतो. कॅनिंग स्टॉक रूट नावाची सुमारे १८५० किलोमीटरची वाट त्याला तोंडपाठ आहे. आमच्या वाट्याला तेवढे वाळवंट कुठले? आम्ही पहाटे तिसगाव, शरणापूर, दौलताबाद करीत वेरूळवरून कन्नडला गेलो आणि तिथून कच्च्या रस्त्याने पितळखोऱ्याला. दगडधोंड्यांतून जीप अशी काही उडत होती की मागे बसलेल्यांची डोकी टपावर आपटली. एकदा पंक्चर झाले. जॅक मिळाला, पण पान्हा घरीच राहिला होता! तास-दीड तास त्यातच गेला.

लेणी मात्र पाहण्यासारखी आहेत. तिथल्या एका लेखात पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या दानाची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्या माणसाचे पैठणहून इथवर यायला वाटेत किती मुक्काम पडले असतील, असे उगाचच मनात आले.

अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही. म्हणून कडेच्या एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक रानात भाड्याने आणलेला तंबू लावला. तीन दगड मांडून मी चूल केली. ओल्या लाकडाचा धूर होऊ लागला तेव्हा वाऱ्याची बाजू पाहून तोंड फिरवले, चर खणून राख आणि निखारे आत ओढले. मित्र पाहतच राहिले. 'कुठे शिकलास रे हे सगळे?' एकाने विचारले. मी म्हणालो, 'शाळेत स्काउटला होतो.'

मी कधीही स्काउटला नव्हतो.

मित्रहो, मी हे कोपीत शिकलो. आमचे मूळ गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. वाळूजच्या एका कारखान्यात वडिलांना कंत्राटी काम मिळेपर्यंत आईवडील दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात आणि मीही त्यांच्याबरोबर असे. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून जाणे भागच. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता'. माणसांना अवजाराच्या नावाने मोजायचे, हे मला तेव्हा काही वावगे वाटत नसे. बांबू, पाचट आणि वर ताडपत्री अशी पुरुषभर उंचीची सुद्धा नसलेली ती कोपी. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची आणि फडात जायची. रात्री-बेरात्री ट्रक आला की मोळ्या वाहायला पुन्हा उठायचे. पाटाचे पाणी मी आणायचो. असे पाच-सहा महिने.

मग मी खोटे का बोललो? कारण त्याच दिवशी सकाळी कन्नडच्या अलीकडे आम्हाला कामगारांचा एक ट्रक भेटला होता. वर पिंपे, बाजा, कोंबड्या, बायका आणि लेकरे. आमच्या मित्राने हात हलवून त्याची फिल्म घेतली आणि ओरडला, 'हे खरे ॲडव्हेंचर!' त्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण मी मान दुसरीकडे वळवली. ट्रकवर ओळखीचे कोणी निघाले तर, ही माझी भीती. त्या भीतीची लाज मला आज अधिक वाटते.

परत आल्यावर त्या कॅनिंगबद्दल मी वाचले. १९०६-०७ मध्ये त्याने ती वाट आखली तेव्हा पाण्याच्या जागा दाखवण्यासाठी तिथल्या मूळ रहिवाशांना साखळ्यांनी बांधून नेले होते. १९०८ साली चौकशी आयोग बसला आणि त्याने कॅनिंगला निर्दोष ठरवले. ज्याला आपण निर्जन म्हणतो तिथले पाणी माहीत असलेले कोणीतरी असतेच. आम्हालाही रात्री पाणी त्या शेतकऱ्याच्या म्हातारीनेच दाखवले. पण फिल्मांत ती माणसे दिसत नाहीत. आमच्या फोटोंतही ती म्हातारी नाही.

मुक्कामाला जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. मला स्वतःला ती रात्र फार आवडली. एवढे तारे बजाजनगरात कुठे दिसतात? पण आपल्याकडे साहस शिबिराचे प्रमाणपत्र मिळते, आणि दिवाळीनंतर वर्गातल्या ज्या दोन-तीन जागा रिकाम्या होतात, त्या मुलांना मिळतो हजेरीचा शेरा. तीही मुक्कामालाच गेलेली असतात. फडावरून ती पुस्तके मागवतात, परीक्षेला रात्रीच्या एस.टी.ने येतात. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, नाव कमी करण्यापूर्वी ते मूल कुठे गेले आहे एवढे तरी विचारावे. साखरेच्या हंगामाची तारीख काही गुप्त नसते. चाचणी परीक्षा, वह्या तपासणे हे तिच्याकडे पाहून ठरवता येणार नाही का?

घरी आलो तेव्हा तंबूचे भाडे ऐकून आई म्हणाली, 'पैसे देऊन उघड्यावर निजायला गेलतास व्हय रं?' मी हसलो. तीही हसली. मग पीठ मळता मळता तिने विचारले, 'दार कुण्या अंगाला केलतं?'

'उगवतीला.'

'मंग रातभर गारठला असशील,' ती म्हणाली.