शिक्का खरा, पत्र खोटे

वाचकहो, दिवाळीच्या अंकात गोड बोलावे असा रिवाज आहे. फराळाच्या ताटात कारल्याची फोड कोणी ठेवत नाही. पण यंदा माझ्याजवळ कारलेच आहे, आणि ते वाढल्यावाचून मला चैन पडणार नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून पुस्तकांचे कपाट दिले. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी पन्नास पुस्तकांची यादी करून द्या, असे मला सांगण्यात आले. मी उभा जन्म खडू झिजवलेला माणूस. हौसेने यादी केली. त्यात पंधरा-वीस नावे रहस्यकथांची होती. आठ दिवसांनी यादी परत आली. त्या सगळ्या नावांवर तांबड्या शाईची रेघ आणि समासात शेरा : ‘मुलांवर वाईट संस्कार होतील.’ त्या जागी थोरांची चरित्रे आणि सुविचारांचे संग्रह घातलेले होते. कपाट भरले, कुलूपही लागले. मागच्या महिन्यात मी ते पाहून आलो. एकाही पुस्तकाचा कोपरा दुमडलेला नाही. संस्कार सुरक्षित आहेत!

त्या तांबड्या रेघेला हे माझे उत्तर.

हा शेरा मला नवा नाही. मी आठवीत असताना उदगीरहून आलेल्या मामेभावाने बाबूराव अर्नाळकरांची एक झुंजारकथा आणली होती. भूगोलाच्या नकाशासंग्रहात लपवून ती वाचताना मी सापडलो. मास्तरांनी साऱ्या वर्गासमोर पुस्तकाचे दोन तुकडे केले आणि वडिलांना चिठ्ठी धाडली. वडील निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, मला दोन शब्द सुनावले आणि झोपायला गेले. सकाळी त्यांची गादी गुंडाळताना उशीखाली इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ निघाली. मी पाहिले, त्यांनीही पाहिले. ‘‘परीक्षा झाल्यावर वाच,’’ एवढेच ते बोलले. फाडलेल्या पुस्तकातला खुनी कोण, हे मला आजतागायत कळलेले नाही. पण ते कळावे म्हणून मी पुढे जी पुस्तके धुंडाळली, त्यांतून मी मराठीचा शिक्षक झालो. वाईट संस्काराचा हा पहिला पुरावा दाखल करून घ्यावा.

आता आरोप एकेक करून घेऊ. पहिला आरोप : हे वाङ्मय हलके आहे. असेल. पण वाचनाची वाट हलक्यातूनच जाते. रांगणाऱ्या लेकराला आपण गड चढायला सांगत नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि गिरणगावापासून आमच्या खेड्यापर्यंत लाखो माणसांच्या हाती पुस्तक दिले. कन्नडात एन. नरसिंहय्यांनी तेच केले. चौथीपर्यंत शिकलेल्या या माणसाने शेकडो पत्तेदारी कादंबऱ्या लिहिल्या. पत्तेदार म्हणजे कन्नडातला गुप्तहेर. उर्दूत इब्ने सफींनी १९५२ साली ‘जासूसी दुनिया’ सुरू केली आणि हैदराबादपासून कराचीपर्यंत लोक नव्या अंकाची वाट पाहू लागले. आपला मुलूख तीन भाषांचा, आणि या तिन्ही भाषांतल्या सामान्य माणसाला ज्यांनी वाचक केले त्यांत रहस्यकथाकारांचा वाटा मोठा आहे. समीक्षकांनी त्यांना पंक्तीला बसवले नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा आरोप : हे सारे परदेशी, आपल्या मातीतले नव्हे. कोणती माती? ठगांच्या जबान्यांवर आधारलेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनला छापली गेली. ती लिहिणारा मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होता आणि पुढे आपल्याच सुरपूरला येऊन राहिला. त्याहून मागे जायचे? बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. तिथे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. वारसाहक्काच्या दाव्यात तिचे नाव घेतले जाते, एवढेच आपल्याला ठाऊक. पण खरे-खोटे कसे ठरवावे, लेख, वहिवाट आणि साक्षीदार यांची पारख कशी करावी, याचाही विचार तिच्यात आहे. जिथे पुराव्याचे शास्त्र लिहिले गेले, तिथल्या मुलाने पुराव्याची गोष्ट वाचली तर ती परकी कशी?

आणि बीदर? दरवर्षी सहलीची बस महमूद गवानच्या मदरशासमोर उभी राहते. मुले निळ्या फरशांपुढे फोटो काढतात, ‘१४७२’ हा सन वहीत लिहितात, चिवडा खातात आणि परत येतात. या माणसाचा शेवट कसा झाला, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगितले तर झोप उडेल. फेरिश्त्याने दिलेली हकीकत अशी : गवानच्या वैऱ्यांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवले आणि कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला चिथावणी देणारे पत्र लिहिले आणि ते सुलतानापुढे ठेवले. सुलतान नशेत होता. त्याने गवानला बोलावून पत्र दाखवले. म्हातारा वजीर म्हणाला, शिक्का माझा आहे, पण पत्र माझे नव्हे. सुलतानाने पुढे विचारले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी, कोंडपल्लीच्या छावणीत, राज्य उभे करणाऱ्या त्या माणसाचे डोके उडवले गेले. खरे काय ते सुलतानाला नंतर कळले. वर्षभरात तोही गेला आणि बहमनी राज्याचे पुढे तुकडे झाले.

झुंजारच्या गोष्टी वाचणारा आठवीतला पोरगाही तिथे तीन प्रश्न विचारता. अक्षर कोणाचे? शिक्का कोणाच्या ताब्यात होता? वजीर मेल्यावर फायदा कोणाचा? एवढे तीन प्रश्न विचारायला दख्खनच्या तख्ताजवळ कोणी नव्हते. सुविचार सांगणारे पुष्कळ असतील.

तुम्ही म्हणाल, गुरुजी पाचशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगतात. मग परवाची ऐका. १३ जुलै २०१८. औराद भागातले मुरकी गाव. मोटारीतून आलेल्या काही तरुणांनी वाटेत शाळकरी लेकरांना चॉकलेटे दिली. मुले पळवणारी टोळी आली, अशी हूल उठली. व्हॉट्सॲपवर ती त्यांच्या गाडीच्याही पुढे धावली. मुरकीत रस्ता अडवला गेला. जमावाच्या मारात हैदराबादचा एक तरुण संगणक अभियंता जिवानिशी गेला. त्याचे सोबती जखमी झाले, सोडवायला गेलेले पोलीसही जखमी झाले. खोटे पत्र पुन्हा आले होते, फक्त ते आता फोनवर होते. शिक्काही होता, ओळखीच्या माणसाकडून आल्याचा. लिहिले कोणी, कोणाचे मूल हरवले, ठाण्यात तक्रार आहे का, हे विचारायला पुन्हा कोणी थांबले नाही.

त्या गर्दीने फेलूदा वाचला असता तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. तेवढा भाबडा मी नाही. पण वाईट संस्कार कशाला म्हणायचे, हे एकदा ठरवू या. गोष्टीतला खून वाचून मूल बिघडते, अशी ज्यांना भीती वाटते, त्यांनी मला सांगावे की पुराव्यावाचून माणूस दोषी ठरवण्याचा संस्कार मुलांवर कोण करते? रहस्यकथा तर उलट शिकवते. पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर संशय येतो, तो शेवटच्या प्रकरणात निर्दोष ठरतो. हा धडा दोनशे पानांत एकदा याप्रमाणे पन्नास वेळा गिरवलेला मुलगा, निदान दगड उचलण्याआधी क्षणभर थबकेल, अशी माझी आशा आहे. तो क्षणच मोलाचा असतो.

तिसरा आरोप पालकांचा : एसएसएलसीचे वर्ष आहे, वेळ फुकट जातो. बाबांनो, वेळ फोनवर जातो आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शिवाय आपल्या मुलांची अडचण निराळी. घरात मराठी, कचेरीत कन्नड, नोकरीसाठी इंग्रजी. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण या प्रांतात आहोत. कन्नड आपल्याला शिकायची आहे आणि ती शिकलीच पाहिजे. पण मराठी टिकेल ती ठरावांनी आणि भाषणांनी नव्हे. ‘पुढे काय झाले?’ या एका प्रश्नासाठी मूल रात्री दिवा मालवायला नकार देईल, तेव्हा ती टिकेल. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला साहित्य संमेलन झाले. मी चार मुले घेऊन गेलो होतो. मंडपातल्या भाषणांत चौघेही पेंगले. ग्रंथप्रदर्शनात मात्र एका गाळ्यावरून त्यांना हाताला धरून ओढावे लागले. गाळा कशाचा होता, हे सांगायला नको.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो. या प्रकारात भुसा पुष्कळ आहे. काही पुस्तकांत खलनायक त्याच्या काळ्या रंगावरून किंवा जातीधर्मावरून ओळखू येतो. काहींत बाई असते ती केवळ मरण्यासाठी किंवा मुखपृष्ठासाठी. काहींत पोलीस पट्ट्याने झोडपून कबुली घेतात आणि लेखक टाळ्या पिटतो. ती पुस्तके मीही यादीत घातली नव्हती. निवड करा, जरूर करा. ते शिक्षकाचे कामच आहे. पण निवडणे वेगळे आणि सरसकट रेघ ओढणे वेगळे.

म्हणून ती खोडलेली यादी थोडक्यात इथे देतो. आठवीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा. फुरसुंगीचा हा पोरगा पुण्याच्या शाळेत जातो, तिथे बुजत नाही, सायकल हाणतो आणि डोके चालवतो. आपल्या खेड्यातून बीदरला, कलबुर्गीला शिकायला जाणाऱ्या पोराला याहून चांगला सोबती नाही. मग सत्यजित राय यांचा फेलूदा. अशोक जैन यांनी तो मराठीत आणला आहे. मुलांसाठी लिहिलेल्या त्या गोष्टींत बंदुकीपेक्षा मेंदूचा भरवसा जास्त. नववीला शेरलॉक होम्स, तोही मराठीत मिळतो. त्याच्या बरोबरीने अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, म्हणजे आजोबा काय वाचत होते ते नातवाला कळेल. दहावीची परीक्षा झाली की गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आणि सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा त्यानंतर, आणि भित्र्या मुलाने त्या दिवसा वाचाव्यात. इथवर आलेला मुलगा पुढे काय वाचायचे ते आपले आपण शोधतो. तुमची थोरांची चरित्रेही तो तेव्हा उघडेल. कोणी सांगावे, महमूद गवानचे चरित्रही मागेल.

मुलींसाठी वेगळी यादी आहे का, असे एका पालकांनी मला विचारले. नाही. खोटे पत्र ओळखायची गरज त्यांना थोडी जास्तच आहे.

वाचकहो, या अंकाची किंमत देऊन तुम्ही हे वाचत आहात, म्हणजे तुमच्याही हाती कधीतरी कोणीतरी एक पुस्तक चोरून दिले होते. ते आठवा. दिवाळीच्या सुटीत माहेरी, आजोळी जाल, तेव्हा पिशवीत चकलीच्या डब्याशेजारी एक रहस्यकथा ठेवा आणि चौदा-पंधरा वर्षांच्या एखाद्या भाच्याच्या, पुतणीच्या हाती द्या. शेवट सांगू नका. आणि त्या शाळेच्या चालकांना माझी हात जोडून विनंती आहे : कपाटाची किल्ली आठ दिवस मुलांच्या हाती द्या. कोणत्या पुस्तकांची पाने मळली, ते आपण मिळून पाहू. पुरावा तुमच्या बाजूने निघाला, तर माझी यादी मी माझ्या हाताने फाडीन. पुस्तक मात्र कोणाचेच फाडणार नाही.