यंत्र घरात आले, बाजार परक्याच्या हाती राहिला

ध्वनिमुद्रणाची साधने स्वस्त होऊन घरोघर पोहोचली, सबब कलावंत भांडवलाच्या जोखडातून मुक्त झाला, असा प्रचार मोठ्या उत्साहाने चालू आहे. अमेरिकन गायक-गीतकार डॅनियल जॉन्स्टन यांचे उदाहरण या प्रचाराला फार सोयीचे वाटावे असे आहे. परंतु ते मुळापासून तपासले, तर अनुमान नेमके उलट निघते.

जॉन्स्टन यांचा जन्म १९६१ चा. वेस्ट व्हर्जिनियातील एका कर्मठ ख्रिस्ती कुटुंबात ते वाढले. बीटल्सच्या संगीताने त्यांना झपाटले होते. आईवडिलांच्या घराचे तळघर, एक पियानो आणि साधा कॅसेट रेकॉर्डर, एवढ्या सामग्रीवर त्यांनी आरंभ केला. १९८३ साली ह्यूस्टन येथे भावाच्या घरी, छोट्याशा कॉर्ड ऑर्गनच्या साथीने त्यांनी 'यिप/जंप म्युझिक' ही कॅसेट भरली. त्याच वर्षी 'हाय, हाउ आर यू' तयार झाली. कॅसेटची नक्कल काढण्याची सोय नव्हती, त्या काळात मागणाऱ्यासाठी ते सारी गाणी पुन्हा गाऊन नवी कॅसेट भरीत. पुढे ऑस्टिन शहरात मॅक्डोनाल्डच्या उपाहारगृहात नोकरी करीत आपल्या कॅसेटी ते लोकांना फुकट वाटीत.

उत्पादनाचे साधन येथे कलावंताच्या मालकीचे होते, हे निर्विवाद. पण त्याने त्याचे पोट भरले काय? मुळीच नाही. मालाचे मूल्य पदरात पडते ते विनिमयात, आणि विनिमयाच्या वाटा कंपन्यांच्या मालकीच्या होत्या. १९९२ साली कर्ट कोबेन या लोकप्रिय गायकाने जॉन्स्टन यांचे चित्र छापलेला सदरा घातला, तेव्हा कोठे या कंपन्यांना जाग आली. जॉन्स्टन त्या वेळी मनोरुग्णालयात होते. तरीही त्यांच्याशी करार करण्यासाठी चढाओढ लागली! १९९४ साली अटलांटिक कंपनीने त्यांचा 'फन' हा संग्रह काढला. तो पुरेसा खपला नाही, तेव्हा १९९६ साली त्याच कंपनीने त्यांना मोकळे केले. दीर्घ मानसिक आजारात त्यांचा भार वाहिला तो प्रामुख्याने वृद्ध आईवडिलांनी. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

कॅसेटचा काळ संपला, म्हणून ही कहाणी संपली असे मात्र नाही. आज एका संगणकावर अख्खा स्टुडिओ मावतो; पुण्यातला वा नागपुरातला तरुण आपल्या खोलीत गाणे मुद्रित करून क्षणात जगापुढे ठेवू शकतो. परंतु ते ठेवायचे कोठे? २०१९ पासून भारतात आलेल्या स्पॉटिफाय कंपनीने २०२४ पासून असा नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनातील एक छदामही मिळणार नाही. त्या गाण्यांच्या वाट्याची रक्कम अधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांकडे वळते. म्हणजे गरिबाच्या ताटातील घास काढून भरल्या ताटात वाढायचा, आणि त्याला कार्यक्षमता म्हणायचे!

घरात बसून गाणाऱ्याला 'स्वतंत्र' म्हणून गौरवणारे एक गोष्ट सोयिस्करपणे विसरतात. घरात माग असलेला विणकरही स्वतंत्रच म्हणवला जाई; सूत देणारा आणि कापड उचलणारा व्यापारी एकच असल्यावर त्या स्वातंत्र्याचा अर्थ काय उरत होता? आपल्या चळवळीतील काही मंडळी या गायकांना हौशी मध्यमवर्गीय समजून दूर ठेवतात. तीही चूकच आहे. मालक दिसत नाही, वेळेचे बंधन नाही, म्हणून श्रम हे श्रम राहत नाहीत असे थोडेच आहे?

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. वितरणासाठी कलावंतांच्या सहकारी संस्था उभ्या राहाव्यात. गाणे कितीही कमी ऐकले गेले, तरी त्याचा न्याय्य मोबदला कायद्याने बांधून द्यावा. आणि आजारपणाची जबाबदारी कुटुंबावर न टाकता समाजाने उचलावी. रेकॉर्डर विकत घेता येतो. न्याय मात्र संघटित होऊनच मिळवावा लागतो.