अंगणवाडी ते विद्यापीठ : जिना कोठे तुटतो?

1920 साली निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, परंतु जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. शिक्षण हाच तो जिना, या निष्ठेने आपल्या आईवडिलांनी अर्धपोटी राहून मुले शिकविली. आज देशाची शिक्षणव्यवस्था तीन वर्षांच्या बालकापासून विद्यापीठापर्यंत कागदावर अखंड दिसते. ती प्रत्यक्षात तशी आहे काय, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने व्हावा, असे आम्हांस वाटते.

कोठारी आयोगाच्या (1964-66) शिफारशीतून आलेली 10+2+3 ही रचना आपण सर्वांनी अनुभवली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणाची मांडणी 5+3+3+4 अशी केली. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दुसरीपर्यंतचा पायाभूत टप्पा, पुढे तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी ते बारावी. आणि त्यानंतर तीन किंवा चार वर्षांची पदवी. अंगणवाडीतील मुलाचा विचार धोरणाने केला, हे स्वागतार्हच आहे. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातले मूल पहिलीच्या वर्गात येते तेव्हाच मागे पडलेले असते, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो.

परंतु रचना म्हणजे हक्क नव्हे. 86 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 21-क आला आणि 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याने दिलेला हक्क 6 ते 14 वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. नव्या धोरणाच्या 2019 च्या मसुद्यात हा हक्क 3 ते 18 वयापर्यंत वाढविण्याची शिफारस होती. अंतिम धोरणात उद्दिष्ट राहिले, कायद्याची हमी राहिली नाही. दुसरीकडे बालकामगार कायद्यातील सर्वसाधारण बंदीही चौदाव्या वर्षी संपते. त्यापुढे केवळ धोकादायक कामांना मनाई आहे. म्हणजे ज्या वयात शाळेची हमी सुटते, त्याच वयात मजुरीचे दार उघडते. ‘आठवी झाली, आता हाताशी येऊ दे’ हे पालकांचे उद्गार आम्ही कितीदा ऐकले आहेत! दोष त्या बापाच्या गरिबीला द्यावा की चौदाव्या वर्षी हात काढून घेणाऱ्या व्यवस्थेला?

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस हा प्रश्न नवा वाटत नाही. 1882 साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. 1927 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा मुले चौथीपर्यंत पोहोचतात. किती मुले आली यापेक्षा किती टिकली, हे ते मोजत होते. आणि खालची पायरी मजबूत होईपर्यंत वरची थांबवावी, असेही त्यांनी मानले नाही. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले.

त्या दूरदृष्टीचे फळ आज दिसते. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे ढोबळ प्रमाण एकूण 28.4 टक्के, अनुसूचित जातींचे 25.9 आणि अनुसूचित जमातींचे 21.2 टक्के आहे. अंतर कमी झाले, पण ही नोंदणी आहे, पूर्तता नव्हे. नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. पूर्वी अर्ध्यावर सोडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नसे, त्यापेक्षा हे बरे, हे आम्ही मान्य करतो. मात्र ज्याच्या खिशात पैसे आहेत तो परत येईल. ज्याची शिष्यवृत्ती वर्ष संपले तरी जमा झालेली नाही, त्याच्यासाठी ‘निर्गमन’ हे गळतीचेच प्रतिष्ठित नाव ठरेल.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : शिक्षणाचा हक्क 3 ते 18 वयापर्यंत कायद्याने द्यावा आणि शिष्यवृत्ती वर्षारंभी हाती पडावी.

आणि आपले कर्तव्य? जिना तुटतो तो सांध्यांवर : आठवीनंतर, दहावीनंतर, बारावीनंतर. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघून जातात तेव्हा लेकराला शाळेत धरून ठेवते ते निवासी शाळेचे छप्पर. आपल्यापैकी अनेकांना अशाच छपराने तारले आहे. माजी विद्यार्थ्यांनी वर्धापनदिनी सत्कार जरूर स्वीकारावा. परंतु त्यासोबत आपल्या वस्तीतील एका तरी मुलाला वा मुलीला एक सांधा ओलांडून द्यावा. अर्ज भरून द्यावा, वसतिगृहाची चौकशी करावी, पहिल्या सत्राचे शुल्क उचलावे. आपण ज्या जिन्याने वर आलो, तो आपल्यामागे शाबूत ठेवणे हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!