नागरिकत्वाचे माप एकच हवे

ज्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्या जिल्ह्याला उपऱ्यांविषयी बोलताना दोन नावे विसरता येणार नाहीत. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेली मुलगी माळव्यात गेली आणि तेथील प्रजेची लोकमाता ठरली. तिच्या आधी शंभर वर्षे, हबसाणात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मोगलांनी १६०० साली नगरचा किल्ला घेतल्यानंतरही १६२६ पर्यंत त्याने ते राज्य टिकवून धरले. जमिनीची प्रतवारी करून सारा ठरविण्याची त्याची पद्धत महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात आजही आदराने सांगितली जाते. एकीला या मातीने बाहेर धाडले, दुसऱ्याला या मातीने पोटाशी धरले. राजेशाहीतील दाखल्यांवरून प्रजासत्ताकाचे कायदे ठरत नाहीत, हे मान्य. परंतु जेथे माणूस राबतो तेथला तो होतो, एवढी साधी गोष्ट सरंजामी काळाला कळत होती. ती आजच्या कायद्याला का कळू नये?

दीर्घकाळ येथे राहिलेल्या परदेशी माणसाने नागरिकत्वासाठी केव्हा अर्ज करावा, याचे उत्तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने उदारपणे दिले होते. अर्जापूर्वीचे सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या सात वर्षांपैकी चार वर्षे, म्हणजे एकूण पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे होते. भारतीय वंशाच्या व्यक्तीला तर सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करता येत असे. १९८६ च्या दुरुस्तीने पाचांची दहा वर्षे झाली आणि सहा महिन्यांची पाच वर्षे. २००३ च्या दुरुस्तीने दहांची बारा झाली आणि पाचांची सात. देश जसजसा स्थिरावला, तसतसा त्याचा दरवाजा अरुंद होत गेला. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, तिजोरी रिकामी असताना जे औदार्य परवडले, ते महासत्तेची भाषा बोलणाऱ्यांना परवडेनासे झाले.

त्या औदार्याचा हिशेब कोणाला हवा असेल तर त्याने नगर आणि श्रीरामपूरच्या बाजारपेठेत फेरी मारावी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे येथे नेसत्या वस्त्रानिशी उतरली. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांना नागरिक मानले; नंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यावर नोंदणीची वाट मोकळी ठेवली. त्यांनी दुकाने थाटली, पेढ्या उभ्या केल्या, मुले मराठी शाळांत घातली. लवकर मिळालेल्या नागरिकत्वाने जिल्ह्याचे काय बिघडले? उलट भांडवल, व्यापार आणि रोजगार यांत भरच पडली.

२००३ च्या दुरुस्तीतील खरी मेख मात्र वर्षांच्या आकड्यात नाही. कागदपत्रांविना आलेला किंवा व्हिसाची मुदत संपूनही राहिलेला माणूस ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरतो आणि त्याला नोंदणीचाही मार्ग उरत नाही, दीर्घ वास्तव्याचाही नाही. तो बारा वर्षे राहो की चाळीस, त्याची मोजणी सुरूच होत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर येथे जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील यांपैकी एक जण असा ठरला, तर ते मूलही जन्माने नागरिक होत नाही. दुसरे पालक भारतीय असले तरीही नाही. बापाच्या हातात कागद नव्हता म्हणून मुलाला देश नाही, हा कोणता न्याय?

आणि मग २०१९ साली या बंद दाराला एक खिडकी पाडण्यात आली. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना ‘बेकायदा’ या शिक्क्यातून सूट मिळाली आणि अकरा वर्षांची अट पाचांवर आली. मार्च २०२४ मध्ये नियमही निघाले. सिंधमधून छळ सोसून आलेल्या आणि नागपुरात वर्षानुवर्षे व्हिसाची मुदत वाढवीत राहिलेल्या हिंदू कुटुंबाला नागरिकत्व मिळाले, याचा आनंदच मानला पाहिजे. आक्षेप त्या कुटुंबाला मिळालेल्या न्यायावर नाही. तो न्याय धर्म विचारून दिला जातो, यावर आहे. पाकिस्तानात छळला जाणारा अहमदिया या खिडकीतून येऊ शकत नाही. १९८३ नंतर श्रीलंकेतून आलेला, तमिळनाडूच्या छावणीत आयुष्य काढलेला तमिळ हिंदूही येऊ शकत नाही. म्हणजे निकष छळाचा नाही, वास्तव्याचाही नाही. निकष आहे सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा.

हा वाद नवा नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या अनुच्छेदांवर चर्चा झाली, तेव्हा विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी, अन्य देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला व शिखाला भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती सुचविली होती. शेतकऱ्यांसाठी आयुष्य वेचलेल्या या नेत्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही सभेने ती दुरुस्ती स्वीकारली नाही आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला, धर्माचा उल्लेखही नसलेला मसुदा मान्य केला. फाळणीच्या आगीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांनी जे विवेकाने नाकारले, ते सत्तर वर्षांनी मागल्या दाराने आत आले.

यावर सांगितले जाते की, घुसखोरांना सवलत दिली तर येथल्या मजुरांच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप समाजवाद्यांनी झटकून टाकू नये, कारण त्यामागे श्रमिकाची खरी भीती आहे. पण त्याचे अर्थशास्त्र नेमके उलटे आहे. बांधकामावरच्या बिनकागदी मजुराला ठेकेदार कमी मजुरी का देऊ शकतो? तो तक्रार घेऊन कामगार आयुक्तांकडे जाऊ शकत नाही म्हणून. मजुरी खाली खेचतो तो परका मजूर नव्हे. त्याची हक्कहीनता खेचते. ज्या दिवशी त्याला हक्क मिळतो, त्या दिवशी तो स्वस्त उरत नाही. सरहद्दीवर पहारा ठेवणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. परंतु काल आलेला आणि वीस वर्षे राबलेला या दोघांना एकाच दोरीने बांधणे याला पहारा म्हणत नाहीत.

शिवाय परक्याच्या शोधाची ही चक्की सुरू झाली की ती प्रथम आपल्याच गरिबाला दळते. नागरिकत्व सिद्ध करण्याचे ओझे कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकले आहे. २०२५ साली महाराष्ट्रात विलंबाने नोंदविलेल्या जन्मदाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली. ज्याचा जन्म इस्पितळात झाला त्याला याची झळ नाही. पालावर जन्मलेल्या पारध्याच्या पोराने, उसाच्या फडात जन्मलेल्या पाथर्डीच्या तोडणी कामगाराच्या मुलीने कोणता दाखला काढावा?

संगमनेर, कोपरगाव, नगर येथील कितीतरी घरांतील मुले आज अमेरिकेत आहेत. एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी ती दशकानुदशके रांगेत उभी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी जन्मसिद्ध नागरिकत्वावर घाव घालणारा आदेश काढला, तेव्हा या घरांची झोप उडाली. आपल्या नातवासाठी जो न्याय आपण अमेरिकेकडे मागतो, तोच आपल्या वेशीवरच्या मुलाला नाकारण्याचा नैतिक अधिकार आपल्याला कोठून येतो?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. १९५५ ची पाच वर्षांची अट सर्वांसाठी, धर्म न विचारता, पुन्हा आणावी. वास्तव्याचा पुरावा म्हणून हजेरीपट, शाळेचा दाखला, शिधापत्रिका, ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरावी. अर्जाचा निकाल ठराविक मुदतीत द्यावा आणि नाकारल्यास लेखी कारण द्यावे. येथे जन्मून येथेच वाढलेल्या मुलाला आईबापांच्या कागदांची शिक्षा देऊ नये. तोवर तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पालांवर, फडांवर आणि झोपडपट्ट्यांत जाऊन जन्मनोंदी व कागदपत्रे मिळवून देण्याचे काम हाती घ्यावे.

नगरच्या ज्या किल्ल्यात १९४२ च्या लढ्यात जवाहरलाल, मौलाना आझाद आणि आचार्य नरेंद्र देव बंदिस्त होते, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. ज्या स्वातंत्र्यासाठी ते तेथे राहिले, ते जात-धर्म पाहून वाटण्याची खिरापत नव्हते. या मातीत ज्याने घाम गाळला त्याचा तिच्यावर हक्क आहे. तो मोजायचाच असेल तर एकाच मापाने मोजावा.