खाल्ल्या घरचे वासे मोजावेत!

खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला आपण मराठीत कृतघ्न म्हणतो. म्हण करणाऱ्याबद्दल पूर्ण आदर राखून मला थोडं उलट म्हणायचं आहे. ज्या घरात आपण जेवतो आणि झोपतो त्याचे वासे मोजलेच पाहिजेत. निदान घर बांधताना तरी!

पोंभुर्ण्याकडे आमच्या नात्यातली निम्मी कवेलूची घरं पाडून झाली आहेत आणि उरलेली पाडायच्या विचारात आहेत. मी याबद्दल गळा काढणार नाही. दर पावसाळ्याआधी माकडांनी फोडलेली कवेलू ज्यांनी स्वतः फेरली आहेत, त्यांना शहरात बसून 'जुनं ते सोनं' ऐकवणं बरं नव्हे. स्लॅब खुशाल टाका. माझी तक्रार वेगळीच आहे.

जुन्या घराचा सांगाडा उघडा असायचा. आडवं पडून वर पाहिलं की सगळा हिशोब दिसे. कवेलूचं ओझं वाशांवर, वाशांचं आड्यावर आणि मयालीवर (तुमच्याकडे तुळई म्हणत असतील), मयालीचं सागाच्या खांबांवर आणि खांबाचं खालच्या दगडावर. भिंत नुसती आडोशाला. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हाच फरक दिसला होता. दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, पण अनेक ठिकाणी आतली लाकडी खणांची चौकट उभी राहिली.

सुतार मयाल नेहमी उभ्या कडेवर ठेवायचा. चार बाय आठ इंचाची मयाल उभी ठेवली तर आडवी ठेवल्यापेक्षा दुप्पट भार पेलते आणि वाकते मात्र चौथ्या हिश्श्याने. सुताराला हे गणित मांडता येत नसेल, पण चुकलं असतं तर मयालीला आलेला झोल घरातल्या पोरालाही दिसला असता.

नव्या घरात हेच सगळं आहे, फक्त नावं बदलली. खांबाचा कॉलम झाला आणि मयालीचा बीम. पण आता सांगाडा पोटात असतो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून जिथे ताण, तिथे सळई. दोन कॉलमांवर टेकलेला बीम मधे खाली वाकतो, तर तिथे ताण खालच्या अंगाला. छज्जा एका बाजूने लोंबकळतो, तर त्याचा ताण वरच्या अंगाला. एवढं एक वाक्य कळलं तरी पुष्कळ झालं.

कारण आमच्याच एका नातेवाइकांकडे सेंट्रिंग काढल्यावर तिसऱ्या दिवशी छज्जा खाली आला. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. तुकडे पाहिले तर सळया तळाशी! कुणीतरी ओतताना त्यांच्यावर उभं राहिलं असणार. ठेकेदार म्हणाला, "सिमेंट खराब होतं." ज्या जिल्ह्यात गडचांदूर, घुग्घुससारखी सिमेंटची गावं आहेत, तिथे सगळा दोष सिमेंटच्या माथी... गंमतच आहे.

त्या घरी टाइल्सच्या रंगावर आठवडाभर चर्चा झाली होती. फाटकावरच्या नक्षीवर तर दोन पिढ्यांचं भांडण! सळया मोजायला मात्र कोणी गेलं नाही, कारण 'त्यातलं आपल्याला काय कळतं?'

मंडळी, कळतं. मोजता येतं तेवढं नक्की कळतं. चौकोनी कॉलममध्ये निदान ४ उभ्या सळया, १२ मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत. सळई आणि साचा यांच्यात कॉलमला ४० मिलिमीटर अंतर राहील असे कव्हर ब्लॉक हवेत, नाहीतर ओल आत जाऊन लोखंड गंजतं आणि फुगून काँक्रीट फोडतं. रिंगांची टोकं आत वळलेली हवीत. आताचं सिमेंट बहुतेक राखमिश्रित असतं, त्याला किमान १० दिवस पाणी मारायचं. चंद्रपूरच्या ४५ अंशांत तर त्याहून जास्तच. हे नियम भारतीय मानकांत लिहिलेले आहेत, माझ्या पदरचे नाहीत. हे झालं किमान. बाकी नक्शाप्रमाणे. आणि नक्शा इंजिनिअरकडूनच करून घ्या, चुलतभावाच्या घरावरून उतरवू नका. त्याचा बीम दहा फुटांचा आणि तुमचा चौदा, तर सळई तीच कशी चालेल?

स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी मोबाइल घेऊन वर चढा. प्रत्येक कॉलमचा, बीमचा, छज्ज्याचा फोटो काढा. ती शेवटची संध्याकाळ असते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घराची हाडं कायमची झाकली जातात आणि मग उरतो तो फक्त विश्वास.

आणखी एक. पाडलेल्या घराचं सागवान भंगाराच्या भावात देऊ नका. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्याच भागातलं सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत गेलं. आणि आपण आजोबांच्या मयाली ट्रॅक्टरवर चढवून पाठवतो नि दाराला प्लायवूड आणतो! जुना साग मुरलेला असतो, नव्या लाकडासारखा वाकडा होत नाही. त्याच मयालींतून नव्या घराच्या चौकटी सहज निघतील. सुतार अजून आहेत, तोवर विचारून घ्या.

'घर फिरलं की वासेही फिरतात' असंही आपल्यात म्हणतात. माझ्या मते क्रम उलटा आहे. आधी वासे फिरतात, घर नंतर. दिवाळीनंतर ज्यांची कामं निघणार आहेत त्यांनी मनावर घ्यावं. सळया मोजायला सोबत हवी असेल तर मला फोन करा, मी येतो. जेवायला मात्र घालावं लागेल. :)