भरतीची तयारी, नेपानगरचं ऊन आणि पहाटेचे दोन तास

विश्लेषण | नेपानगर प्रतिनिधी

एप्रिल लागला की दरवर्षी एकच सूचना निघते: दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका. सूचना बरोबरच आहे. पण सैन्य आणि पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरापोरींना, साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्यांना ती अर्धीच कामाची. घराबाहेर पडायचं तर कधी आणि कुठे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आधी 'कधी' बघू. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो आणि दिवसातलं सगळ्यात कमी तापमान त्याच सुमारास असतं. पारा सर्वात वर जातो दुपारी ३ ते ४ च्या दरम्यान. संध्याकाळी ऊन उतरतं, पण दिवसभर तापलेलं डांबर आणि सिमेंट उष्णता सोडतच असतं. म्हणून ६ ची संध्याकाळ आणि ६ ची सकाळ सारखी नाही. धावायचं असेल तर पहाटे ५ ते ७. संध्याकाळी दिवे लागल्यावर फार तर चालणं.

हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट धरतात. भुसावळ, जळगाव, खंडवा या आपल्या पट्ट्याला तो आकडा नवा नाही. पण फक्त आकड्यावर जाऊ नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्या १४ लोकांचा जीव गेला, तेव्हा तिथे पारा ३८ च्या आसपास होता. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. आपल्याकडे ही वेळ जूनमध्ये येते. ढग येतात, पारा ४५ वरून ४० वर उतरतो, पोरं म्हणतात ऊन गेलं, आणि एकदम जोर लावतात. खरी काळजी तेव्हाच घ्यायची.

भरतीतली उदाहरणंही विसरण्यासारखी नाहीत. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात उमेदवार दगावले. पुढे अंतर कमी झालं. आज महाराष्ट्रात पुरुषांना १६०० मीटर धावावं लागतं. २०२४ मध्ये झारखंडला १० किलोमीटरच्या चाचणीत पुन्हा तेच घडलं.

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सुट्टीवरून आल्या दिवशी पूर्ण अंतर धावू नये. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरी होतं. धावणारा बरळायला लागला, तोल गेला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता 'कुठे'. नेपानगर हे कागद कारखान्यासाठी वसवलेलं गाव. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी मिल देशाला अर्पण केली, तेव्हापासून वसाहतीचे रस्ते, झाडं, दिवे मिलनेच बघायचे ही इथली सवय. २०१६ पासून मिलचं उत्पादन बंद राहिलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्या सहा वर्षांत गावाने एक गोष्ट शिकायला हवी होती: सावली आणि मैदान एकाच खात्याच्या भरवशावर ठेवता येत नाही. २०२३ मध्ये घाघरला जंगलातल्या तोडीवर भोपाळपर्यंत ओरड झाली. रस्त्याकडेचं एक झाड पडतं तेव्हा कोणी विचारत नाही, पण पहाटे चालणाऱ्याची सावली तेवढीच असते.

मागणी मोठी नाही. पहाटे ५ ला मैदानावर दिवे, म्हणजे पोरं अंधारात ट्रकच्या रस्त्यावर धावणार नाहीत आणि मुलीही निर्धास्त येतील. एक पाण्याचा नळ. चालायच्या रस्त्यावर कडुनिंब, करंज. हिशेबाची गोष्ट एवढीच, की आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ऊनही त्याच महिन्यात चढतं. तरतूद मार्चच्या अंदाजपत्रकात नसेल, तर मंजुरी आणि निविदा होईपर्यंत पाऊस येतो. झाडं मात्र पावसातच लावायची, म्हणजे त्यांचे खड्डे मे मध्येच तयार हवेत.

रावेर, मुक्ताईनगर, भुसावळच्या वाचकांनीही आपापल्या नगरसेवकाला हे विचारावं. राज्याची हद्द अंतुर्लीपाशी बदलते, ऊन बदलत नाही.